चौदा दिवसांची मुदत

हॉटेलच्या नावाने नोटीस आली की बहुतेक मालकांच्या मनात पहिला विचार ओळखीचा येतो. कोणाला फोन केला तर हे मिटेल? दुसरा विचार रंगाऱ्याचा. भटारखान्याच्या काळ्या पडलेल्या भिंतींना एक पांढरा हात मारू, जळमटं काढू, पोरांच्या डोक्यावर टोप्या चढवू. या दोन्ही धावपळींत तो कागद नीट वाचायचा राहून जातो, आणि करायचं काम तर त्या कागदातच लिहिलेलं असतं.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याआधी आपल्याकडे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्या काळचा अन्न निरीक्षक मुख्यतः नमुने घेणारा माणूस होता. दुधाचा, तेलाचा, तिखटाचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा आणि भेसळ निघाली तर कोर्टात खटला उभा करायचा. आजचा अन्न सुरक्षा अधिकारी नमुने घेतोच, पण तो मोरीजवळही उभा राहतो, फ्रीजचं दार उघडतो, आचाऱ्याची नखं पाहतो. पदार्थ दोषी आहे का, एवढंच न विचारता तो पदार्थ कसा तयार होतो हे कायदा आता विचारतो. माझ्या मते या कायद्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे, आणि त्याचा कणा म्हणजे कलम ३२.

या कलमाखाली पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त, सुधारणा नोटीस काढू शकतात. नोटिशीत चार गोष्टी याव्या लागतात. नियम मोडला असं मानायला आधार काय, नेमकं कुठे चुकलं, ते दुरुस्त करायला काय करावं, आणि किती दिवसांत. ही मुदत वाजवी हवी आणि कुठल्याही परिस्थितीत १४ दिवसांपेक्षा कमी असू नये. तिसऱ्या मुद्द्याला जोडून कायद्यात एक छोटासा तुकडा आहे. सांगितलेला उपाय करा ‘किंवा निदान तितकाच परिणामकारक’ दुसरा उपाय करा, असा त्याचा अर्थ. हे शब्द फार थोडे मालक वाचतात. अधिकाऱ्याने मोठा फ्रीज घ्या म्हटलं आणि तुमच्याकडे जागाच नसेल, तर उरलेलं अन्न ठेवायचंच नाही अशी पद्धत बसवून तुम्ही तीच सुरक्षितता मिळवू शकता. म्हणजे कायदा हॉटेलवाल्याला विचार करायला जागा देतो.

मुदतीत सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. त्यानंतरही झाली नाही तर कारणे दाखवा नोटीस देऊन तो रद्द करता येतो. लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तर १४ दिवस थांबायचंही बंधन नाही. कारणं लेखी नोंदवून परवाना लगेच निलंबित करता येतो. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्याबद्दल कलम ५६ प्रमाणे एक लाखापर्यंत दंड वेगळाच. उलट बाजूने मालकालाही अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं. आणि आकसाने, विनाकारण त्रास देणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यालाही याच कायद्याच्या कलम ३९ खाली एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईत याखेरीज महापालिकेचा आरोग्य परवाना असतो, १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या कलम ३९४ खालचा. त्यामुळे तिथल्या हॉटेलात दोन वेगवेगळ्या खात्यांची माणसं तपासणीला येतात.

तपासणी कशाच्या आधारे होते? परवाना व नोंदणीच्या २०११ च्या नियमांना जोडलेलं शेड्यूल चार हा त्याचा पाया. त्यावरून केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केटरिंगसाठी तपासणीची एक प्रश्नावली केली आहे. साध्या प्रश्नांना २ गुण आणि अन्नाच्या सुरक्षिततेवर थेट परिणाम करणाऱ्या प्रश्नांना ४. ही प्रश्नावली कोणालाही मिळते. परीक्षेचा पेपर आधीच हातात असावा तशी ती आहे, आणि तरी बहुतेक भटारखान्यांत ती कुणी पाहिलेली नसते.

आता एक हॉटेल डोळ्यांसमोर आणू. खरं नाही, पण आपण सगळे तिथे जेवलेलो आहोत. सकाळी मिसळ आणि पोहे, दुपारी राइस प्लेट, रात्री चिकन-मटणाची थाळी. चाळीस माणसं बसतील एवढी जागा, बारा कामगार, त्यातले पाच-सहा रात्री तिथेच झोपणारे. नोटिशीत नऊ त्रुटी. त्यांतल्या भिंतीचा उडालेला रंग, टोप्या आणि तुटलेली फरशी डोळ्यांना पहिल्यांदा दिसतात, म्हणून मालक तिथून सुरुवात करतो. मी त्याला म्हणेन, आज रात्री कोणाच्या पोटात काय जाणार आहे तिथून सुरुवात करा. ओळीत सातव्या नंबरवर लिहिलेलं असतं, ‘शिजवलेले अन्न योग्य तापमानात साठवलेले नाही.’ काम तिथून सुरू व्हायला हवं.

रात्री साडेदहाला मटणाच्या रश्श्याचं पातेलं अर्धं उरतं. वीस लिटर असेल. आचारी त्यावर झाकण ठेवतो, पातेलं ओट्याखाली सरकवतो आणि सकाळी उकळी आणून परत वापरतो. ‘उकळलं की सगळं मरतं’ हा आपल्या स्वयंपाकघरांतला जुना विश्वास आहे, आणि तो निम्माच खरा आहे. मांसात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळीतूनही जिवंत राहतात. उकळताना रश्श्यातला प्राणवायू निघून गेलेला असतो, आणि या जिवाणूला तेच मानवतं. पातेलं हळूहळू निवत ४३ ते ४७ अंशांच्या आसपास येतं तेव्हा तो सगळ्यात वेगाने वाढतो. अनुकूल परिस्थितीत दहाएक मिनिटांत एकाचे दोन होतात. खोल पातेल्याचा मधला भाग तासन् तास या उबेत राहतो. दुसऱ्या दिवशी रस्सा नुसता कोमट करून वाढला तर जेवणाऱ्याला सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. तोवर त्याने मध्ये दोनदा दुसरीकडे खाल्लेलं असतं, त्यामुळे दोष कुठला हे त्याला कधी कळतही नाही.

भाताची गोष्ट याहून घातक आहे. भातातल्या ‘बॅसिलस सिरियस’चे बीजाणूही शिजण्यातून वाचतात. भात बाहेर तसाच राहिला तर तो जिवाणू जे विष तयार करतो ते पुन्हा तापवल्याने जात नाही. दुपारचा भात परातीत उघडा ठेवून संध्याकाळी त्याचा फ्राइड राइस करणं ही कितीतरी हॉटेलांतली रोजची रीत आहे. कढईतला मोठा जाळ पाहून गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. त्या जाळाने जिवाणू मरतात, विष राहतं.

मग करायचं काय? प्रश्नावलीतला नियम सांगतो की असं अन्न ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या दोन तासांत यायला हवं. आचाऱ्याला हे आकडे सांगून काही होत नाही, कारण वीस लिटरच्या पातेल्यात ते शक्यच नाही. घट्ट पदार्थाची जाडी दुप्पट झाली की त्याला निवायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून पातेलं बदलायचं. रस्सा दोन-तीन बोटं उंचीच्या स्टीलच्या पसरट ट्रेंमध्ये ओतायचा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, अधूनमधून ढवळायचं आणि मग फ्रीजमध्ये. गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकललं तर ते स्वतः निवत नाहीच, शेजारचं दहीही तापवतं. दुसऱ्या दिवशी वापरताना मधोमध ७५ अंश येईपर्यंत तापवायचं; वरून गरम पाणी ओतून ‘गरम करणं’ चालत नाही. यासाठी लागणारा सुईचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. मी पाहिलेल्या भटारखान्यांत मिक्सर तीन-तीन असतात, थर्मामीटर एकही नसतो.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उरेल इतकं करायचंच नाही. महिनाभर रोज रात्री किती उरलं हे वहीत लिहिलं तर आठवड्याच्या कुठल्या वारी किती खपतं ते कळतं. कायद्यातला तो ‘तितकाच परिणामकारक’ उपाय हाच.

दुसरी त्रुटी नोटिशीत एका ओळीत येते, पण तिच्यावर थोडं थांबायला हवं. फडकं. टेबल पुसणाऱ्या पोराच्या खांद्यावरचं आणि आचाऱ्याच्या कमरेचं. त्याच फडक्याने ओटा पुसला जातो, सुरी पुसली जाते, गरम पातेलं उचललं जातं, घाम पुसला जातो आणि शेवटी धुतलेली ताटं कोरडी केली जातात. ओलं, कोमट आणि अन्नाचे कण अडकलेलं कापड म्हणजे जिवाणूंसाठी तयार शेत. कच्च्या चिकनखालचा पाट पुसून त्याच फडक्याने कोशिंबिरीची सुरी पुसली की कोंबडीतला ‘साल्मोनेला’ काकडीवर येतो, आणि काकडी कुणी शिजवत नाही.

मालक पोरावर ओरडतो. पण पोराला दिवसाला फडकी किती मिळतात? दोन. तेवढ्यात त्याने आणखी काय करायचं होतं? हिशेब असा करावा लागतो. टेबलांची वेगळी, ओट्याची वेगळी, कच्च्या मांसाच्या जागेची वेगळी, तिन्हींचे रंग वेगळे. प्रत्येक जागेचं फडकं दर दोन तासांनी बदलायचं. बारा तासांच्या हॉटेलात प्रत्येक रंगाची सहा, म्हणजे दिवसाला अठरा, आणि तितकीच धुऊन वाळत घातलेली. छत्तीस फडकी. रात्री साबणाने धुऊन, पाच मिनिटं उकळून, उन्हात वाळवायची. ताटं पुसायचीच नाहीत, घडवंचीवर उभी करून निथळू द्यायची. एवढं केलं की पोराला ओरडावं लागत नाही.

फडक्याबरोबर आणखी एक गैरसमज जातो, स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं एकच आहे हा. ओट्यावर ब्लीचिंगचं पाणी शिंपडलं की काम झालं असं वाटतं. पण तेलकट, मळक्या ओट्यावर क्लोरीनची सगळी ताकद त्या मळातच खर्च होते. आधी खरवडायचं, मग साबणाने धुवायचं, मग स्वच्छ पाणी, आणि त्यानंतर दशलक्ष भागांत ५० ते १०० भाग एवढं क्लोरीन असलेलं पाणी. क्रम चुकला की शेवटची पायरी वाया जाते.

हात धुण्याची त्रुटी जवळजवळ प्रत्येक नोटिशीत असते, आणि ‘कामगारांना सूचना दिल्या आहेत’ हे त्यावरचं जवळजवळ प्रत्येक उत्तर असतं. सूचनेने काही होत नाही, कारण भटारखान्यात हात धुवायला जागाच नसते. बेसिन असतं ते गिऱ्हाइकांच्या दालनात. आत असते ती मोरी, आणि तिच्यात भांड्यांचा ढीग. कांदा चिरणाऱ्याने संडासातून आल्यावर हात कुठे धुवायचे? भटारखान्याच्या दाराशी, आत शिरताना ओलांडूनच जावं लागेल अशा ठिकाणी, फक्त हातांसाठी एक छोटं बेसिन बसवावं. नळ कोपराने किंवा पायाने उघडणारा असला तर उत्तम. शेजारी साबण आणि हात पुसायला कागद. हातमोज्यांवर मात्र विसंबू नये. मोजे घातलेला माणूस त्याच हातांनी कच्चं मांस, पैसे आणि पोळी हाताळतो, आणि हात झाकलेले असल्यामुळे ते मळलेत हे त्याला जाणवतही नाही.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. नियम म्हणतो की ताप, जुलाब, हातावर पिकलेली जखम असलेल्या माणसाने अन्नाला हात लावू नये. पिकलेल्या जखमेतला ‘स्टॅफिलोकॉकस’ अन्नात जे विष सोडतो तेही उकळून जात नाही, म्हणून नियम रास्तच आहे. पण रजा घेतली की रोज बुडतो अशी व्यवस्था असेल तर कुठला कामगार जुलाब झाल्याचं सांगेल? तो गोळी घेऊन कामावर येईल, कारण गावाकडे पैसे पाठवायचे आहेत. ज्या हॉटेलात आजारपणाची पगारी रजा नाही, तिथे हा नियम फक्त भिंतीवरच्या तक्त्यात राहतो. वर्षातून एकदाची वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस लागतेच, पण ती त्या एका दिवसाची ग्वाही असते. चार दिवसांची पगारी रजा वर्षभर काम करते. खर्चाच्या बाजूने पाहिलं तरी परवाना एक आठवडा निलंबित झाला तर जे नुकसान होतं, त्यापुढे बारा जणांच्या या रजांचा खर्च फार थोडा असतो.

पिठाच्या पोत्यांवर कामगारांचे कपडे सापडतात, तेही असंच. रात्री तिथे झोपणाऱ्या माणसाला एक पेटी, एक खुंटी आणि आंघोळीला जागा दिली नाही तर तो कपडे आणखी कुठे ठेवणार? निष्काळजी माणूस म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याच्या मागे दहातल्या आठ वेळा एखादी न बसवलेली खुंटी किंवा न लावलेला नळ असतो. चौदा दिवसांत माणसांचे स्वभाव बदलत नाहीत. खुंटी आणि नळ मात्र बसतात.

झुरळांचं थोडक्यात. फवारणी केली की मोठी झुरळं मरतात, पण मादीच्या अंड्यांच्या कोशात तीस-चाळीस अंडी असतात आणि फवारा तिथवर पोचत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तीच स्थिती. फ्रीजच्या दाराचं फाटलेलं रबर, मोटरची ऊब, फरशीची सुटलेली फट, रात्रभर तसंच राहिलेलं खरकटं ही त्यांची घरं आणि त्यांचा शिधा. आधी फटी सिमेंटने बुजवा, खरकटं रात्रीच बाहेर काढा, मोरीच्या तोंडाला जाळी लावा, मग पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बोलवा. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते, म्हणून दाराखाली पत्र्याची पट्टी.

बाकीच्या बहुतेक त्रुटी कागदाच्या आहेत आणि लवकर मिटतात. पिण्याच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल, दर पंचवीस कामगारांमागे प्रशिक्षण घेतलेला एक पर्यवेक्षक, दर्शनी भागात आणि बिलावर चौदा अंकी परवाना क्रमांक. तळणीच्या तेलात वारंवार तापवल्याने वाढणारे एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकायचं, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते जुनं तेल गाडीवाल्याला विकायचं नाही, जैवइंधनासाठी गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्यायचं.

आता उत्तर लिहायचं. ‘सर्व त्रुटींची पूर्तता केली आहे’ हे एका ओळीचं पत्र म्हणजे अधिकाऱ्याला पुन्हा सगळं शोधायला लावणं. पूर्तता अहवालात प्रत्येक त्रुटीसमोर चार गोष्टी याव्यात: ती का झाली, काय केलं, त्याचा पुरावा म्हणून फोटो किंवा बिल, आणि यापुढे त्यावर लक्ष कोण ठेवणार. ड्रेनेजची पाइप इमारतीच्या सोसायटीच्या परवानगीशिवाय हलवता येत नसेल तर तसं सरळ लिहावं, अर्जाची प्रत जोडावी, तोवर काय तात्पुरतं केलं ते सांगावं आणि मुदत संपायच्या आधी वाढ मागावी. खोटी पूर्तता फेरतपासणीत उघडी पडते. तापमानाच्या वहीत तीस दिवसांच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या आणि सगळ्या बरोबर ४ अंशांच्या असल्या तर ती वही एका बैठकीत भरली हे कोणालाही कळतं. खऱ्या वहीत एखादा दिवस ९ अंश असतो आणि त्यापुढे लिहिलेलं असतं, ‘दार उघडं राहिलं, दूध टाकलं.’ मला ती नऊची नोंद जास्त विश्वासाची वाटते.

न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून हॉटेलांना दारावर इंग्रजी अक्षरातली श्रेणी लावावी लागते. तिथे चुकांचे गुण मोजतात. १३ पर्यंत असले तर ‘ए’. पहिल्या फेरीत ते जमलं नाही तर फेरतपासणीची संधी मिळते, आणि मधल्या काळात मालक दुरुस्ती करतो. आपल्याकडे केंद्रीय प्राधिकरणाची स्वच्छतेची मानांकन योजना आहे, एक ते पाचपर्यंत, पण ती ऐच्छिक आहे. तपासणीचा निकाल हॉटेलच्या दारावर दिसावा असं मला मनापासून वाटतं. आत काय चाललं आहे हे जेवणाऱ्याला आत जाण्याआधी कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

फेरतपासणी होते, शेरा मिळतो, नोटीस निकाली निघते. त्यानंतर तीन महिन्यांनी काय उरलं हे पाहायला अधिकारी लागत नाही, बिलांची चवड पुरते. बारा कामगार, प्रत्येकाने दिवसातून दहा वेळा हात धुतले आणि दर वेळी दीड मिलिलीटर साबण लागला, तर दिवसाला १८० मिलिलीटर होतात. पाच लिटरचा कॅन अठ्ठावीस दिवसांत रिकामा व्हायला हवा. महिना संपल्यावर मालकाने गल्ल्याच्या खणातून साबणाची बिलं काढावीत आणि तारखा पाहाव्यात. कॅन अजून अर्धा भरलेला असेल तर बेसिनजवळ जावं. बहुधा नळ बिघडलेला असेल, किंवा कोणीतरी त्याच्यासमोर कांद्याचं पोतं ठेवलेलं असेल.